खाणीशेजारच्या आदिवासी गावाचे फोटो कसे काढावेत

गावात जाण्याआधी खाणीच्या पर्यावरण मंजुरीचं पत्र वाचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधलं की बहुतेकदा मिळतं. डंपरवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी मारणं, मातीच्या ढिगाऱ्याभोवती चर, नाल्यावर गाळ अडवणारे बंधारे अशा अटी त्यात असतात. त्या पाळल्याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तुमच्या फोटोंची यादी याच अटींवरून करा. ताडपत्री नसलेला डंपर आणि त्याबद्दलची अट शेजारी छापली, तर कंपनीला उत्तर देणं टाळता येत नाही.

परवानगी ग्रामसभेत मागा, गावच्या बोलीत, दुभाष्या गावकऱ्यांनीच निवडलेला असावा. सभेने होकार दिला तरी प्रत्येक माणसाला वेगळं विचारा, बायकांना घरातल्या पुरुषांमार्फत नको. देवस्थानाचा फोटो काढायचा की नाही, हे गायता (गावाचा धार्मिक प्रमुख) किंवा पुजारी ठरवेल. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने डोंगराशी जोडलेल्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही सभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. म्हणून देवाच्या जागेचा फोटो शोभेसाठी वापरू नका.

नाल्याच्या लाल पाण्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. 'रंग वाढवलाय' हा आक्षेप ठरलेलाच. म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, पहिल्या फ्रेममध्ये त्याच उजेडात ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचं करडं कार्ड) धरा आणि सॅच्युरेशनला, म्हणजे रंगाच्या गडदपणाला, हात लावू नका. पाण्यावरची चकाकी लेन्सवरच्या पोलरायझर फिल्टरने जाते आणि खालचा गाळ दिसतो. पाण्याशी साधारण 35 अंशांचा कोन ठेवला की परिणाम उत्तम मिळतो. फिल्टरशिवायचीही एक फ्रेम घ्या. तोच नाला खाणीच्या वरच्या अंगाला कसा आहे, हेही त्याच दिवशी टिपा. मुसळधार पावसानंतर कुठलाही नाला गढूळच असतो, तुलनेशिवाय फोटो काहीच सिद्ध करत नाही.

सूर्य तुमच्या पाठीशी असला तर धूळ दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा, मागे गडद झाडी असू द्या, शटरचा वेग 1/500 सेकंद. रस्त्याकडेला लेन्स बदलू नका, सेन्सरवरचे डाग फोटोत उतरतात. तेंदूच्या पानावरून ओलं पांढरं फडकं अर्धंच फिरवा आणि पान, फडकं एकाच फ्रेममध्ये घ्या. वाहतूक रस्त्यापासून दूरच्या पाड्यावरही हेच करा.

खाचरात साचणारा गाळ एका फेरीत कळत नाही. ट्रायपॉडची जागा, उंची, दिशा, फोकल लेंथ वहीत लिहा आणि पेरणीआधी, कापणीनंतर, पुढच्या वर्षी त्याच वेळी तिथेच परत या.

तक्रार करणाऱ्याच्या घरात कुणी खाणीवर कामाला असू शकतं. चेहरा लपवायचा असेल तर फोटो काढतानाच पाठमोरा किंवा हात, अवजारं असा घ्या. नंतर धूसर केलेला माणूस कपड्यांवरून, दारावरून ओळखू येतो. मूळ फाइल जीपीएससह दोन वेगळ्या ठिकाणी जपा, प्रसिद्धीच्या प्रतीतून जीपीएस काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत मूळ धरू नका, तिच्यातला मेटाडेटा (तारीख, वेळ, जागा यांची नोंद) गळतो.

फोटोखालच्या ओळी लिहिताना 'विषारी पाणी' हा शब्द प्रयोगशाळेचा अहवाल हातात असेल तरच वापरा. नाहीतर 'लाल, गढूळ पाणी', तारीख, वेळ आणि खाणीपासूनचं अंतर एवढं लिहा. छापण्याआधी या ओळी फोटोतल्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि त्याने सांगितलेली दुरुस्ती करा.