डुकरांच्या दाणामिश्रणात कोंडा किती आणि कसा घालावा

पोत्यावर छापलेला ‘कच्चा तंतू’ हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. आम्लात आणि अल्कलीत उकळून जे उरते, तेवढेच त्यात मोजले जाते. धान्याच्या पेशीभित्तीतला बराच तंतू त्या उकळण्यात विरघळून जातो आणि मोजणीत येतच नाही. म्हणून विश्लेषण करून घेताना ‘एनडीएफ’ही (न्यूट्रल डिटर्जंट फायबर, म्हणजे पेशीभित्तीतला हा सुटलेला तंतूही धरणारा आकडा) मागावा.

हिशेब असा करा. १०० किलो मिश्रणात मका ६०, सोयापेंड २०, गव्हाचा कोंडा १७ आणि खनिजे वगैरे ३ किलो धरा. कच्चा तंतू मक्यात साधारण २.२ टक्के, सोयापेंडीत ६ आणि कोंड्यात १०. म्हणजे एकूण सुमारे ४.२ टक्के. आता मका १३ किलोने कमी करून तेवढाच कोंडा वाढवला, तर हा आकडा ५.२ होतो. एका टक्क्याने काय बिघडते, असे वाटेल. पण मक्याचा एनडीएफ १० ते १२ टक्के, तर कोंड्याचा ४० च्या वर, त्यामुळे मिश्रणाचा एनडीएफ चार टक्क्यांनी चढतो. एनडीएफ एक टक्का वाढला की ऊर्जेची पचनीयता ढोबळमानाने एक टक्का उतरते. कोंड्याने ‘स्वस्त’ झालेले खाद्य इथेच महाग पडते.

कारण साधे आहे. तंतू तोडणारी विकरे डुकराकडे स्वतःची नसतात. तो न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून निघणारी अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक आम्ले जनावराच्या कामी येतात. स्टार्चइतकी ऊर्जा मात्र त्यातून मिळत नाही.

त्यामुळे वय बघून प्रमाण ठरवा. दूध तोडलेल्या पिल्लांना कच्चा तंतू ३ ते ४ टक्के, वाढत्या डुकरांना ५ ते ६. पिल्लांच्या खाद्यातून तंतू पूर्ण काढण्याचा मोह टाळा. ओटच्या टरफलासारखा न विरघळणारा तंतू थोडा असला तर हगवण कमी होण्यास मदत होते. बार्लीतला बीटा-ग्लुकान किंवा रायमधला विरघळणारा तंतू मात्र आतड्यात चिकट होतो. ही धान्ये जास्त असतील तर बीटा-ग्लुकानेज, झायलानेज ही विकरे मिसळा. गाभण मादीचे मोठे आतडे मोठे असते आणि तिला मोजूनच खाद्य मिळते. तिला ८ ते १० टक्के तंतू चालतो, पोट भरल्यासारखे राहते, बद्धकोष्ठही टळते. व्याल्यावर दुधासाठी ऊर्जा लागते, तेव्हा कोंडा कमी करा.

भरडा ६०० ते ७०० मायक्रॉनचा ठेवा. पीठ केले तर पचन सुधारते, पण जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो.

बदल ७ ते १० दिवसांत, चौथा-चौथा हिस्सा वाढवत करा. जिवाणूंची घडी बसायला काही आठवडे लागतात, तेव्हा तीन आठवड्यांआधी निकाल काढू नका. कोंडा पाणी शोषतो. पाणी पिण्याच्या निपलमधून धार बारीक येत असेल तर आधी ती दुरुस्त करा.

शेवटी मूठभर विष्ठा बारीक चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. टरफलाचे पापुद्रे दिसले तर काळजी नाही. पांढरे दाण्यांचे तुकडे दिसले तर दोष कोंड्याचा नाही, गिरणीची जाळी फाटली आहे का ते तपासा.