सॅट की एसीटी? गुण पाठवताना या चुका टाळा

सॅट आणि एसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या दोन परीक्षांपैकी कुठल्या परीक्षेचे गुण पाठवायचे हे ठरवताना, अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांच्या घरी सर्वांत जास्त घोळ होतो तो टक्केवारीचा. आपल्याला दहावीपासून सगळं शंभरात मोजायची सवय. समजा एखाद्या मुलीला सॅटला 1600 पैकी 1280 मिळाले, म्हणजे 80 टक्के, एसीटीला 36 पैकी 28 म्हणजे जेमतेम 78. मग सॅटच पाठवायची, असं ठरतं. पण दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी 2018 मध्ये मिळून गुणांचा तुलनात्मक तक्ता काढलाय. त्यात एसीटीचे 28 हे सॅटच्या 1300 ते 1320 च्या बरोबरीचे आहेत आणि 1280 बसतात 27 च्या ओळीत. म्हणजे या मुलीची एसीटीच सरस, आणि नेमके तेच गुण न पाठवता घरातच राहणार! तक्ता मोफत मिळतो, आधी तो उघडा.

दुसरी चूक मला जास्त लागते. कॉलेज 'गुण पाठवणं ऐच्छिक' म्हणतं, आणि मुलं घाबरून चांगले गुण दडवतात. प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे गुण कितीपासून कितीपर्यंत होते, तो पट्टा कॉलेजं जाहीर करतात. त्या पट्ट्याच्या खाली गेलो की संपलं, असं वाटतं. पण ऐच्छिक धोरणात चांगले गुण असलेलीच मुलं ते पाठवतात, त्यामुळे पट्टा मुळातच वर सरकलेला असतो. डार्टमथ या अमेरिकी कॉलेजने 2024 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हा हेच कारण दिलं होतं: साधन-सुविधा कमी असलेल्या कित्येक मुलांनी, ज्यांचा फायदा झाला असता असे गुण कळवलेच नव्हते. तुमची शाळा साधी असेल, तिथून अमेरिकेला फारसं कुणी गेलं नसेल, तर पट्ट्याच्या थोडे खालचे गुणही तुमच्या बाजूने बोलतात. पाठवा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं मात्र उलटं. बर्कली असो की लॉस एंजेलिस, प्रवेश ठरवताना तिथे हे गुण बघतच नाहीत. एमआयटी, हार्वर्ड, कॅलटेक यांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. त्यामुळे 'मावसभावाने 2021 मध्ये पाठवले नव्हते' हा आधार धरू नका. त्या-त्या कॉलेजची यंदाची सूचना वाचा.

बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांना दिलेल्या परीक्षेतले त्या-त्या विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात. पण सॅटचं गणित आणि एसीटीचं इंग्रजी अशी मोट बांधता येत नाही. एसीटीत 2025 पासून विज्ञान ऐच्छिक झालंय. काही कॉलेजं ते अजून मागतात, तेव्हा इंजिनिअरिंगवाल्यांनी नोंदणीआधीच खात्री करावी.

आणि 'एकदा सहज देऊन बघू' म्हणण्याआधी जॉर्जटाउन विद्यापीठाचा नियम बघा: दिलेल्या प्रत्येक परीक्षेचे गुण ते मागतात. सहज देऊन बघायची ती घरी, घड्याळ लावून, पूर्ण लांबीची सराव परीक्षा. सॅटची ब्लूबुक अ‍ॅपवर मोफत आहे.