केसाळ रोव्ह बीटल ओळखायचा कसा आणि वर्गीकरणात बसवायचा कुठे

मेलेल्या जनावरापाशी आखूड पंखांचा काळा किडा पळताना दिसला की बरेच जण त्याला भुंगेरा मानायलाच तयार नसतात, कारण पाठीवरचे कडक पंख अर्ध्यातच संपतात आणि पोट उघडं दिसतं. पण हीच स्टॅफिलिनिडी, म्हणजे रोव्ह बीटलांच्या कुळाची खूण. आधी शेपटीकडे बघा, चिमटा असेल तर तो इअरविग, म्हणजे वेगळ्याच गणातला कीटक, सोडून द्या. चिमटा नसला तरी लगेच खूश होऊ नका, या कुळात साठ हजारांवर जाती आहेत!

आता भिंग काढा. आपला केसाळ रोव्ह बीटल क्रिओफिलस या प्रजातीतला (जीनसमधला), आणि तिच्यातली सगळ्यात जास्त दिसणारी जात म्हणजे मॅक्सिलोसस, साधारण दीड-दोन सेंटीमीटरची. हिचं डोकं आणि त्यामागची ढाल पॉलिश केल्यासारखी काळी चकचकीत, आणि पंखांवर नि पोटावर राखाडी-पिवळट केसांचे पट्टे. नुसत्या केसांवर जाऊ नका हं, मी एकदा तसंच करून तोंडघशी पडलोय. याच कुळातला एमस हिर्टस हिच्यापेक्षा केसाळ असतो पण त्याच्या डोक्यावरसुद्धा पिवळी लव असते, ऑन्थोलेस्टिसचंही डोकं केसांनी झाकलेलं, आणि ऑसिपस ओलेन्स तर सगळाच मंद काळा, पट्टा वगैरे काही नाही. म्हणजे केस कुठे आहेत यापेक्षा कुठे नाहीत ते आधी बघायचं. क्रिओफिलसच्याच ऑस्ट्रेलियातल्या एरिथ्रोसेफॅलस या जातीचं डोकं मात्र लाल असतं, तेव्हा काळा रंग हा काही प्रजातीचा नियम नाही.

नोंद लिहिताना क्रम असा: गण कोलिऑप्टेरा, कुळ स्टॅफिलिनिडी, उपकुळ स्टॅफिलिनिनी, प्रजाती क्रिओफिलस. इथे एक घोळ होतो, पेपरात स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात, पण पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि स्पीशीज म्हणजे जाती, त्यामुळे एकच काहीतरी धरा. पुढे लिहायचं क्रिओफिलस मॅक्सिलोसस (लिनियस, १७५८). कंस विसरू नका, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने तिला स्टॅफिलिनस प्रजातीत घातलं होतं, क्रिओफिलस हे नाव इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीचने १८१९ साली दिलं, आणि प्रजाती बदलली की मूळ नाव देणारा कंसात जातो.

क्रिओफिलस या नावाचा अर्थ मांसप्रिय, पण प्रत्यक्षात ही जात मुख्यतः मढ्यावरच्या माशांच्या अळ्या फस्त करते. म्हणून शोधायची तर अळ्या वळवळतात तिथे शोधा, आणि चिमट्यानेच उचला, शेपटीच्या टोकाशी घाण वासाचा स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात.