फॉलआऊट ४ सर्व्हायव्हल मोड: सेव्हच्या बाबतीत या चुका टाळा

२०१६ ला फॉलआऊट ४ या व्हिडिओ गेमचा सर्व्हायव्हल मोड (सगळ्यात अवघड पातळी) नव्याने केला तेव्हापासून त्यात क्विकसेव्ह (एका बटणावर सेव्ह) नाही, ऑटोसेव्ह (आपोआप सेव्ह) नाही, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसरीकडे उडी) पण नाही. सेव्ह पाहिजे तर बेड शोधायचा आणि झोपायचं. मला हा नियम मनापासून आवडतो, साधं दार उघडताना पण छातीत धडधडतं ते याच्यामुळेच. पण नवीन पोरं दोन दिवसांत वैतागून मोड सोडतात ना, त्याला बहुतेक खालच्याच चुका कारण असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी लढाई, मग बेड. मी सँक्चुअरीत (गेममधली सुरुवातीची वस्ती) झोपून थेट लेक्सिंग्टन गावातल्या कॉर्व्हेगा प्लांटला निघालो, वाटेत घरं धुंडाळत दीड तास गेला, बॅग भरली, आणि प्लांटजवळ वरून एक मोलोटोव्ह आला, स्क्रीन केशरी झाली नि डोळे उघडले ते परत सँक्चुअरीत, रिकाम्या हाताने. म्हणून जिथे जायचंय त्याच्या अलीकडचा बेड आधी गाठा. रेडर म्हणजे लुटारू लोकांच्या अड्ड्यावर मळक्या गाद्या नाहीतर स्लीपिंग बॅग बऱ्याचदा सापडतात, बाहेरचे दोन-तीन जण पडले की आजूबाजूला बघा. डायमंड सिटी या गेममधल्या शहरात असाल तर डगआऊट इन या खानावळीत १० कॅप्सला (गेममधलं चलन) खोली मिळते, तिथे कंजूषी करू नका.

सेव्हसाठी रात्रभर झोपायची गरज नाही, एक तास बास. स्लीपिंग बॅगवर ३ तास आणि गादीवर ५ तासांच्या वर झोपताच येत नाही, त्यामुळे थकवा काढायचा असेल तर नीट बेडच बघा.

झोपायला देतच नाहीये? मग जवळ शत्रू आहे, नाहीतर तो बेड दुसऱ्या कुणाचातरी आहे.

आता एक्झिट सेव्ह. गेममधून नीट बाहेर पडलात की तो होतो, पण परत लोड केला की पुसला जातो, म्हणजे बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) दाराशी बाहेर पडून परत आलात आणि मेलात तर जाणार शेवटच्या बेडवरच. आणि अचानक लाइट गेली तर तो होतच नाही. पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा ढग दाटले की मी आधी बेड गाठतो, क्वेस्ट (गेममधली कामगिरी) नंतर.

आणि चिडून डिफिकल्टी (अवघडपणाची पातळी) खाली आणू नका, त्या सेव्हवरून परत सर्व्हायव्हल लावता येत नाही, मग बेडवरचा जुना सेव्ह असेल तिथूनच पुढे खेळावं लागतं.