पेपर सबमिट केल्यापासून छापून येईपर्यंत काय काय होतं, आणि रिव्हिजनचं उत्तर कसं लिहायचं

संशोधनाचा पेपर लिहून झालाय, सगळ्या सहलेखकांनी वाचलाय आणि नावांचा क्रम ठरलाय असं धरून चालते.

जर्नल कुठलं निवडायचं? आपली संदर्भयादी काढा, त्यात ज्या जर्नलचं नाव सारखं सारखं येतंय तिथे आधी बघा, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा) नंतर. आणि "तीन ठिकाणी टाकून ठेव, कुठेतरी लागेल" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. एका वेळी एकच जर्नल, नाहीतर तो गैरप्रकार धरतात आणि सगळीकडूनच पेपर जातो. चार दिवसांत छापून देतो म्हणणारी जर्नल्स तर सोडूनच द्या, चार दिवसांत कुणी तुमचा पेपर नीट वाचत नसतं.

पोर्टलवर फाइली चढवा, ऑर्किड नंबर (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) जोडा, एडिटरला लिहायचं कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे. मग फॉरमॅट आणि दुसऱ्या लेखनाशी साम्य तपासतात, त्यानंतर एडिटर बघतो. विषय जर्नलच्या कक्षेत बसत नसेल तर पेपर रिव्ह्यूला, म्हणजे त्या विषयातल्या जाणकारांकडे (रिव्ह्यूअरांकडे) तपासायला, न पाठवताच परत येतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, दुसरं जर्नल बघा. पुढे जो महिनोन्महिने वेळ जातो त्यातला बराचसा रिव्ह्यूअर शोधण्यातच जातो कारण बरेच जण नाही म्हणतात. तीन महिने उलटले तर एडिटरला दोन ओळींची मेल करा.

आता खरं काम. 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा असं उत्तर, आलं की लोक खचतात. अहो, एडिटरला पेपर नको असता तर त्याने सरळ नाकारला असता! पण इथेच पेपर हातचा जातो, माझा गेलाय. दोन रिव्ह्यूअर, मिळून २३ मुद्दे, मी दोन महिने राबून जवळपास सगळे बदल केले आणि उत्तरात मात्र मुद्दे एकत्र करून "सूचनेनुसार मजकूर सुधारला आहे" एवढंच लिहीत गेले. दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं की नेमकं काय बदललं ते सापडत नाही, आणि पेपर रिजेक्ट. बदल पेपरात होते, पण ते शोधायचं काम मी त्याच्यावर टाकलं होतं.

तेव्हापासून मी असं करते. पत्र वाचून दोन दिवस हात लावत नाही. मग प्रत्येक कॉमेंट जशीच्या तशी नव्या फाइलमध्ये उतरवते, १.१, १.२ असे नंबर देते, एका कॉमेंटमध्ये तीन प्रश्न असतील तर तीन तुकडे करते. प्रत्येकाखाली आधी थेट उत्तर, मग बदललेलं वाक्य तिथेच पेस्ट, मग पान आणि ओळ. ओळींचे नंबर अगदी शेवटी भरा, कारण एक परिच्छेद वाढला की पुढचे सगळे सरकतात.

रिव्ह्यूअरचं सगळं मान्य करायलाच हवं असं नाही, पण कारण द्यायलाच हवं. समजा तो म्हणाला, "४० जणांचा नमुना फार लहान आहे." यावर "वेळेअभावी वाढवता आला नाही" हे उत्तर नव्हे. मर्यादा कबूल करा, आकड्यांसोबत विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) द्या, आणि सारांशात "सिद्ध होते" लिहिलं असेल तिथे "असे दिसते" करा, मग तेच वाक्य उत्तरात दाखवा. दोन रिव्ह्यूअर उलटसुलट बोलत असतील, एक म्हणतो हा भाग काढा, दुसरा म्हणतो वाढवा, तर एक बाजू घ्या आणि का घेतली ते दोघांनाही आणि एडिटरलाही लिहा. "रिव्ह्यूअरने नीट वाचलेलं नाही" हे वाक्य कधीही लिहू नका, त्याने चुकीचं वाचलं असेल तर तुमचं वाक्य बदला. रिव्ह्यूअर स्वतःचेच पाच पेपर साइट करायला (संदर्भ म्हणून द्यायला) सांगत असेल तर खरंच लागू पडतात तेवढेच घ्या, बाकीच्यांबद्दल एडिटरला वेगळं कळवा. प्रकाशनातल्या नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेच्या रिव्ह्यूअरांसाठीच्या नियमांतही निव्वळ साइटेशन वाढवायला असं सुचवू नये असंच म्हटलंय.

स्वीकारल्याचं पत्र आलं की लायसन्सचा फॉर्म येतो, कॉपीराइट जर्नलला जातोय की सीसी बाय (श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल असं खुलं लायसन्स) आहे ते वाचूनच सही करा. मग प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, बहुतेकदा ४८ तासांत परत मागतात. त्यात नवा परिच्छेद घालायचा नसतो. नावं, आडनावं, तक्त्यातले दशांश चिन्ह आणि समीकरणं मूळ फाइल शेजारी ठेवून एकेक ताडून बघा. पेपर ऑनलाइन आला की चूक गुपचूप दुरुस्त होत नाही, त्यासाठी वेगळं शुद्धिपत्रक निघतं आणि ते तुमच्या पेपरला कायमचं जोडलेलं राहतं.