आजोबांच्या मिलिटरी हॉस्पिटलच्या कागदावरचं एमटी, पीयूओ, एसओएस कसं वाचायचं

पेटीत आबाजींचा दुसऱ्या महायुद्धातला हॉस्पिटलचा कागद सापडला, त्यावर तीनदा एमटी लिहिलेलं, मी गूगल केलं तर मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट आलं, मग काय, कामठीपासून वर्ध्यापर्यंत सगळ्या नातेवाईकांना सांगून मोकळा झालो की आबाजी बर्मात ट्रक चालवत होते. आत्या म्हणे, काही बी सांगतं का बे, त्यांले सायकलबी येत नव्हती.

तर एमटी लिहिलं होतं आजाराच्या रकान्यात. तिथे त्याचा अर्थ मॅलिग्नंट टर्शियन, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया. बीटी असेल तर बिनाइन टर्शियन, तो एक दिवसाआड हुडहुडी भरवणारा. म्हणून अक्षरं वाचायच्या आधी रकाना कशाचा आहे ते बघा. मथळा बरेचदा पहिल्याच पानावर असतो, पुढची पानं नुसती रेघांची, मग तारखा जुळवून अंदाज घ्यावा लागतो. आणि कागद लॅमिनेट करू नका राव, खिडकीजवळ तिरप्या उजेडात फोटो काढा, पुसट पेन्सिलपण दिसते.

पीयूओ म्हणजे पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन, साध्या भाषेत ताप आहे पण कशाचा ते कळलं नाही. एनवायडी म्हणजे निदान व्हायचंय. आबाजींचा आधी पीयूओ होता, चार दिवसांनी एमटी झाला, म्हणजे मधल्या काळात रक्त तपासलं असणार. जीएसडब्ल्यू म्हणजे गनशॉट वुंड, पण बॉम्बगोळ्याचा तुकडा लागला तरी कित्येकदा हेच लिहायचे, त्यामुळे गोळीच लागली असं घरात पसरवू नका (मी शहाणा झालोय आता). आयसीटी म्हणजे कातडीखालची सूज, इन्फेक्शन. हॅशचं चिन्ह म्हणजे फ्रॅक्चर, सी वर आडवी रेघ म्हणजे 'सह'. बीडी, टीडीएस मला कळेना, मेडिकल चौकातल्या केमिस्टने एका नजरेत सांगितलं, दिवसातून दोनदा, तीनदा.

जखम की आजार असा घोळ झाला तर आजाराकडे झुका. १९४३ मध्ये बर्मा आघाडीवर एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत होते, असं तिथल्या ब्रिटिश सेनापतीने, खुद्द जनरल स्लिमने लिहून ठेवलंय.

मग जागांची साखळी लावा. आरएपी (रेजिमेंटल एड पोस्ट, युनिटची प्रथमोपचाराची जागा), एडीएस आणि एमडीएस (अॅडव्हान्स्ड आणि मेन ड्रेसिंग स्टेशन, मलमपट्टीची पुढची आणि मुख्य जागा), सीसीएस (कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, जिथून पुढे हॉस्पिटलला पाठवायचे) असं आघाडीपासून मागे मागे येत शेवटी आयजीएच, इंडियन जनरल हॉस्पिटल. त्याच्या आधीचा आकडा हॉस्पिटलचा नंबर, खाटेचा नाही. 'एक्स सीसीएस' म्हणजे सीसीएसमधून आला. एसओएस बघून आमच्या काकूच्या पोटात गोळा आला होता, पण तो स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ, युनिटच्या हजेरीतून नाव कमी केलं इतकंच, परत आल्यावर टीओएस, टेकन ऑन स्ट्रेंथ, म्हणजे नाव पुन्हा हजेरीत. घाबरायचं ते डीआय लिस्टला, डेंजरसली इल.

आबाजी महार रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे, ती १९४२ मध्ये इथेच कामठीला उभी राहिली. रेजिमेंटचं सेंटर आता मध्य प्रदेशात सागरला आहे. तिकडे पत्र टाकाल तर नावाआधी सर्व्हिस नंबर लिहा, कारण आमच्या एकाच कागदावर आबाजींचं आडनाव तीन प्रकारे लिहून ठेवलंय.