कोपऱ्यात गुंतणारा घडीचा खोका कसा आखावा

खोका आखायला बसले की बहुतेक जण आधी लांबी, रुंदी आणि उंची कागदावर मांडतात आणि कोपरे शेवटी कसेतरी जुळवतात. गोंद, स्टेपल किंवा चिकटपट्टी वापरायची असेल तर हे चालून जाते. पण ज्या खोक्याचे चारही कोपरे स्वतःच्याच जिभा आणि खाचा एकमेकांत गुंतवून उभे राहायचे आहेत, तिथे हा क्रम उलटा करावा लागतो, कारण भिंतीची उंची, पुठ्ठ्याची जाडी, इतकेच काय पण पुठ्ठ्याचे तंतू कोणत्या दिशेला असावेत हेही अखेरीस कोपराच ठरवतो. म्हणून इथे आधी कोपरा समजून घेऊ आणि मग त्याभोवती खोका उभा करू.

उदाहरण म्हणून दिवाळीच्या फराळाचा, अर्ध्या किलोच्या आसपास लाडू मावणारा खोका घेतो. साधारण ३८ मिमी व्यासाचे १५ लाडू, पाचाच्या तीन ओळींत, थोडी हालचाल करण्याइतकी जागा ठेवून बसवायचे असतील, तर आतले माप २०० मिमी लांब, १२५ मिमी रुंद आणि ४५ मिमी उंच पुरते. असे खोके घरगुती उद्योगांना आणि बचत गटांना विशेष सोयीचे पडतात. ते सपाट थप्पीत ठेवता येतात, लागतील तेवढेच उभारता येतात आणि उभारताना गोंद वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. पुठ्ठा ३५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाचा) ड्युप्लेक्स बोर्ड, म्हणजे एका बाजूने पांढरा आणि पाठीला करडा, असा घ्यावा. त्याच्या करड्या पाठीत पुनर्वापराचा लगदा असतो आणि तीच बाजू आत येते, म्हणून आतून बटर पेपरचे अस्तर घालणे आवश्यक समजावे.

पहिले काम म्हणजे पुठ्ठ्याची खरी जाडी मोजणे. जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे. एकाच जीएसएमचे दोन गिरण्यांचे बोर्ड हाताला वेगळे लागतात. दहा तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून त्यांची उंची मोजावी आणि दहाने भागावे. आपल्या बोर्डची जाडी ०.४५ मिमीच्या आसपास येईल. हिशेबाला अर्धा मिमी धरू. हा अर्धा मिमी यापुढे प्रत्येक पायरीला भेटणार आहे.

तंतूंची दिशा पाहणे हे दुसरे काम. कारखान्यात बोर्ड ज्या दिशेने धावतो त्या दिशेला बहुतेक तंतू लागतात. धंद्यात तिला ग्रेन म्हणतात. २० मिमी रुंद आणि १५० मिमी लांब अशा दोन पट्ट्या कापाव्यात, एक शीटच्या लांबीला धरून आणि दुसरी रुंदीला धरून. दोन्ही पट्ट्यांचे एक टोक चिमटीत धरून त्या आडव्या धराव्यात. जी कमी वाकते तिच्या लांबीच्या दिशेने ग्रेन आहे. आपल्या खोक्यात ग्रेन २०० मिमीच्या बाजूला समांतर हवे. त्यामुळे लांब भिंत मधोमध फुगत नाही आणि तिच्या टोकाची जीभ मानेपाशी लवत नाही. हा धडा मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. एका कामात शीट वाचवण्यासाठी मी आरेखन आडवे फिरवले, एका शीटमागे एक खोका जास्त बसला म्हणून समाधानही वाटले. पण भरलेले खोके एकावर एक रचल्यावर खालच्या ओळीच्या भिंती पोटासारख्या बाहेर आल्या आणि जिभा एकामागून एक निसटल्या. मापे अचूक होती. दिशा चुकली होती.

आता कोपरा. लांब भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक कान जोडलेला असतो. तो काटकोनात वळून आखूड भिंतीच्या बाहेरून तिला चिकटून बसतो. कानाच्या टोकाला जीभ असते आणि ती आखूड भिंतीतल्या उभ्या खाचेतून आत शिरते. कान आतून ठेवून जीभ बाहेर काढता येते, पण मग तिचे टोक बाहेर राहते आणि वरून झाकण घालताना अडते. झाकणाच्या खोक्याला कान बाहेर हेच बरे.

जिभेचे तीन भाग मानावेत: खाचेत राहणारी मान, तिच्या पुढचे रुंद डोके आणि मानेच्या मागे कानाचा खांदा. डोके मानेपेक्षा दोन्ही बाजूंना जेवढे बाहेर येते त्याला काटा म्हणू. पुष्कळ जण डोके खाचेपेक्षा थोडे मोठे ठेवतात आणि जोर लावून आत दाबतात. पहिल्यांदा ते बसतेही, पण खाचेची टोके फाटतात आणि दुसऱ्यांदा खोका उघडून लावला की पकड उरत नाही. कुलूप जोरावर नव्हे, क्रमावर चालले पाहिजे. त्यासाठी मी एक साधे समीकरण वापरतो: मान अधिक एक काटा बरोबर खाच. आपल्या खोक्यात मान १९ मिमी, प्रत्येक काटा ३ मिमी, म्हणून खाच २२ मिमी आणि डोके २५ मिमी. लावताना जीभ किंचित तिरकी करून वरचा काटा आधी आत सरकवायचा आणि मान खाचेच्या वरच्या टोकाला टेकवायची. आता खालच्या काट्याला नेमकी जागा मिळते आणि तोही जोर न लावता आत जातो. त्यानंतर लांब भिंत सरळ उभी केली की जीभ आपोआप खाचेच्या मध्यावर येते आणि डोके वर-खाली दीड-दीड मिमीने अडकून राहते. हातात नमुना धरून हे एकदा केले, की हलकी टिचकी बसल्यासारखे बोटांना जाणवते.

मानेची लांबी ३ मिमी ठेवावी. जाडी अर्धा मिमी असताना तीन कशाला, असे वाटेल; पण जीभ खाचेतून सरळ जात नाही, बाहेरच्या पातळीतून आतल्या पातळीत उतरत तिरकी जाते, आणि मान फार आखूड असेल तर काटे भिंतीला घासत राहतात. डोक्याची लांबी ७ मिमी, पुढे निमुळती, आणि सगळे कोपरे गोल.

खाचेची टोके हा कोपऱ्यातला सर्वांत दुबळा भाग. आखूड भिंत उभी केली की तिच्यातले ग्रेनही उभे होते, म्हणजे उभी खाच बरोबर तंतूंच्या दिशेने कापलेली असते आणि ताण आला की ती लाकडाच्या चिरेसारखी पुढे उलत जाते. म्हणून खाचेच्या दोन्ही टोकांना पाते २ मिमी आडवे वळवून थांबवावे. हाताने नमुना करताना तिथे २ मिमीचे छिद्र पाडले तरी चालते.

आता पूर्ण आरेखन. तळाची घडी ते घडी मापे आतल्या मापापेक्षा एका जाडीने मोठी, म्हणजे २००.५ आणि १२५.५ मिमी घ्यावीत. चारही बाजूंना ४५ मिमी उंचीच्या भिंती काढाव्यात. आखूड भिंत दोन लांब भिंतींच्या मध्ये बसायची असल्याने ती दोन्ही कडांना अर्धा मिमी कमी करून १२४.५ मिमी रुंद ठेवावी. कानाची घडी मात्र तळाच्या घडीच्या रेषेत ठेवू नये. ती अर्धा मिमी बाहेर सरकवावी, कारण कानाला आखूड भिंतीची जाडी ओलांडून वळायचे आहे. ही सरक विसरली, तर कान वळताना लांब भिंतीला आत ओढतो, तळ किंचित कमानीसारखा उचलला जातो आणि खोका टेबलावर डगमगतो. डगमगणारा खोका दिसला की मी सर्वांत आधी हीच रेषा तपासतो.

कानाच्या घडीपासून खांद्यापर्यंत ३९.५ मिमी, आणि आखूड भिंतीवरची खाच तळाच्या कोपऱ्याच्या रेषेपासून ४० मिमीवर. हा अर्ध्या मिमीचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. त्यामुळे कान ताठ राहतो, बाहेर फुगत नाही. खाच तळाच्या घडीपासून १२ ते ३४ मिमी या पट्ट्यात यावी, म्हणजे तिचा मध्य २३ मिमीवर. मानेचा आणि डोक्याचा मध्यही त्याच उंचीवर. कानाची खालची कड तळाच्या घडीपासून दीड मिमी वर घ्यावी आणि वरची एक मिमी खाली, म्हणजे कान टेबलाला घासणार नाही आणि वरून डोकावणार नाही.

शीटचा हिशेब याच वेळी करावा. मी आधी जीभ १२ मिमी लांब ठेवली होती, तेव्हा सपाट तुकड्याची एकूण लांबी ३०४.५ मिमी येत होती. २३ × ३६ इंची शीटची लांब बाजू सुमारे ९१४ मिमी असते. असे तीन तुकडे ९१३.५ मिमी खातात, म्हणजे मधली जागा उरतच नाही. जीभ १० मिमीवर आणली, लांबी ३००.५ मिमी झाली, तिघांना ९०१.५ मिमी लागले आणि कापण्यापुरती जागा मोकळी झाली. तुकड्याची रुंदी २१५.५ मिमी असल्याने दुसऱ्या दिशेला दोन ओळी बसतात आणि मशीनच्या पकडीलाही पुरेशी पट्टी राहते. अशा रीतीने एका शीटमधून सहा खोके निघतात. मात्र शीटचे ग्रेन ३६ इंचांच्या बाजूला आहे याची खात्री करूनच बोर्ड घ्यावा.

घडीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण कोपरा कितीही चांगला आखला तरी घडी फुटली तर खोका वाया जातो. ब्रुकलिनमध्ये कागदी पिशव्या बनवणारे रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात १८७९ साली घडी पाडणारी धातूची पट्टी चुकून वर राहिली आणि पिशव्यांवर घडी पडण्याऐवजी त्या कापल्या गेल्या. कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच साच्यात, केवळ पट्ट्यांची उंची वेगळी ठेवून होऊ शकतात, हे त्यांनी त्या चुकीतून ओळखले. आजची डाय, म्हणजे पुठ्ठा कापणारा आणि घड्या पाडणारा साचा, त्याच तत्त्वावर चालते: कापणारे पाते २३.८ मिमी उंच, आणि क्रीजची, म्हणजे घडी पाडणारी, बोथट पट्टी त्यापेक्षा साधारण बोर्डच्या जाडीइतकी खाली. क्रीजच्या पट्टीखालच्या चरीची रुंदी पट्टीच्या जाडीत बोर्डच्या जाडीची दीडपट मिळवून काढतात. पट्टी ०.७ मिमीची असेल तर आपल्या बोर्डला १.४ मिमीची चर येते. चर अरुंद झाली तर छपाईच्या बाजूला भेगा पडतात. रुंद झाली तर घडी ढिली होते आणि भिंत नेमक्या रेषेवर वळत नाही.

हाताने नमुना करताना स्टीलची पट्टी आणि शाई संपलेली बॉलपेनची रिफिल पुरते. रेघ नेहमी बाहेरच्या, म्हणजे छपाईच्या बाजूने दाबावी. आतल्या बाजूला जो उंचवटा येतो त्याच्याकडे पुठ्ठा वळवावा. अनेकांना हे उलटे वाटते आणि ते खोलगट रेघेच्या आत घडी घालतात, मग वरचा थर ताणून फाटतो. आपल्या आरेखनात कानांच्या आणि आखूड भिंतींच्या घड्या ग्रेनला आडव्या आहेत, म्हणून तिथे रिफिल दोन-तीनदा फिरवावी.

आरेखन संगणकावर करायचे असेल तर इंकस्केप हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. कापायच्या रेषा लाल आणि घडीच्या रेषा निळ्या, वेगवेगळ्या थरांवर ठेवाव्यात, आणि फाईलमध्ये एका कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढावी. प्रिंट काढल्यावर ती रेघ पट्टीने मोजावी. प्रिंटरने पान आपोआप ९७ टक्क्यांवर आणले असेल तर ते तिथेच कळते. तुकडा ३०० मिमीहून किंचित लांब असल्याने तो ए-३ कागदावर आरामात बसतो.

झाकण याच पद्धतीने आखावे, पण त्याची मापे अंदाजाने वाढवू नयेत. तळाच्या खोक्याची बाहेरची लांबी आखूड भिंत आणि कान मिळून दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड्यांनी वाढून २०२ मिमी होते. झाकणाच्या स्वतःच्या जिभा आत येतात म्हणून आणखी एक मिमी, आणि सहज सरकण्यासाठी दोन, असे झाकणाचे आतले माप २०५ मिमी येते. रुंदीत लांब भिंतीची एकेकच जाडी असल्याने १२८ मिमी पुरतात. उंची ३० मिमी ठेवली तर खाच १६, मान १४ आणि काटे २-२ मिमी घ्यावेत, समीकरण तेच.

डाय बनवायला देण्यापूर्वी खऱ्या बोर्डचे निदान पाच कोरे नमुने हाताने कापून पाहावेत. एकाची चारही कुलपे दहा वेळा उघडून लावावीत आणि खाचेच्या टोकांकडे भिंगातून पाहावे. दुसऱ्यात अर्धा किलो डाळ भरून तो आखूड भिंती धरून उचलावा. उरलेल्यांत तेवढेच वजन भरून ते झाकणासह एकावर एक रचून रात्रभर ठेवावेत. हवा दमट असेल तर हीच परीक्षा खिडकीजवळ घ्यावी, कारण बोर्ड ओलावा शोषतो आणि मऊ होतो. कुठे जीभ निसटली तर लगेच काटा वाढवू नये. आधी कानाच्या घडीची अर्ध्या मिमीची सरक, मग ग्रेन, आणि शेवटी काटा, या क्रमाने तपासावे.

डायवाल्याकडे फाईल देताना सोबत उभारलेला एक आणि सपाट एक असे दोन नमुने द्यावेत, सपाट नमुन्यावर ग्रेनचा बाण पेनाने काढावा, आणि पंचिंग, म्हणजे डायने कापणी, सुरू झाल्यावर पहिले दहा तुकडे हातात घेऊन तिथेच उभारून पाहावेत. खाचेच्या टोकाची २ मिमीची वळणे पात्यात नीट उतरली आहेत का, हे त्या दहा तुकड्यांतच दिसते आणि उरलेले शीट मशीनवर जाण्यापूर्वी पाते बदलता येते.